डायनोचा कागद आणि चार ओतीव पिस्टन

कराड सोडलं आणि कासेगावच्या अलीकडे मागच्या आरशात निळा धूर दिसला. आधी वाटलं, आत्ताच मागे टाकलेल्या ट्रकचा असेल. पण ट्रक कधीच मागे राहिला आणि धूर काही हटेना. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, ऑइल भरायचं झाकण सैल केलं तर आतून धूर फसफसून वर आला. इंजिन तीन सिलिंडरवर थरथरत होतं. नवीन पिस्टन टाकून जेमतेम २,३०० किलोमीटर झाले होते.

गाडी ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ची. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीकडून २३० पीएस पॉवर आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. मी त्यात आधीच मोठा टर्बो बसवला होता. वाढलेल्या बूस्टपुढे, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेच्या दाबापुढे, मूळ पिस्टन फार दिवस तग धरणार नाहीत, ही धाकधूक मनात होती आणि नेमकी तीच त्या माणसाने ओळखली.

पुण्याजवळ त्याचं वर्कशॉप आहे. म्हणाला, "दादा, या इंजिनसाठी आम्ही स्वतः फोर्ज्ड पिस्टन डेव्हलप केलेत. २६१८ अलॉय. तुमची गाडी टेस्ट कार म्हणून घेतो, अर्ध्या किमतीत करून देतो. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा डायनो." फोर्ज्ड म्हणजे ओतलेला नव्हे, दाबून घडवलेला पिस्टन; २६१८ हा त्याचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू; आणि डायनो म्हणजे गाडीची पॉवर मोजायचं यंत्र. ३ लाख ४० हजार ठरले, त्यातले दोन लाख आगाऊ. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "टेस्ट कारचं बिल होत नाही, माल अजून बाजारात यायचाय." मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात वाढलेला. बिलाशिवाय साधा नटबोल्ट न घेणाऱ्या घरातला. तरी पैसे दिले, कारण त्याचं बोलणं तयारीचं होतं आणि मला ती गाडी मनापासून हवी तशी करायची होती.

दीड महिन्याने गाडी मिळाली, सोबत डायनोचा रंगीत कागद: ३३८ पीएस, ५,५०० आरपीएमला. तो कागद मी घरात फ्रेम करून लावला होता. तो तेव्हाच नीट वाचला असता तर एका मिनिटात खोटा ठरला असता. पॉवर ही काही वेगळी मोजायची गोष्ट नाही, ती टॉर्कमधूनच निघते. न्यूटन मीटरला आरपीएमने गुणायचं आणि ७,०२४ने भागायचं, की पीएस मिळतात. माझ्या कागदावर ५,५००च्या रेघेवर टॉर्क होता ३७०. गुणाकार-भागाकार केला की २९० येतात. ३३८ येऊच शकत नाहीत. पॉवरची रेघ कुणीतरी हाताने वर उचलली होती. ज्यांच्याकडे असा कागद असेल त्यांनी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने आजच्या आज हा हिशोब करावा.

आकडा न खोडताही डायनोवर बनवाबनवी करता येते. 'आधी'चा रन तापलेल्या इंजिनावर, पंखा बंद ठेवून घ्यायचा आणि 'नंतर'चा रन गाडी थंड करून, समोर मोठा पंखा लावून. चाकांवर मोजलेल्या आकड्यात गिअरबॉक्सचा 'लॉस' म्हणून हवे तेवढे टक्के मिळवायचे. हवामानाच्या दुरुस्तीचं प्रमाण बदलायचं: एकाच रनला एसएई जे १३४९ लावलं की आकडा कमी दिसतो, जुनं एसटीडी लावलं की साधारण चार टक्क्यांनी फुगतो. आणि सगळ्यात घातक प्रकार पेट्रोलचा. माझ्या गाडीचा रन १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर घेतला होता, हे मला नंतर तिथल्याच एका पोराकडून कळलं. ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग त्या पेट्रोलच्या हिशोबाने केलेलं आणि गाडी माझ्या हातात, म्हणजे पंपावरच्या साध्या ९१ ऑक्टेनवर. असं झालं की सिलिंडरमध्ये नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल नको तेव्हा आपोआप भडकतं, पिस्टनच्या माथ्यावर घणाचे घाव बसावेत तसं.

घरी आणून इंजिन उघडलं. त्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहिलं होतं: तीन सिलिंडर १२ बारच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा ४. पिस्टन बाहेर काढला तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली भिंत अर्ध्या गोलापर्यंत तुटून गेलेली. तुटलेली कड बोटाने पाहिली. खरखरीत, दाणेदार, खडीसाखर मोडल्यावर दिसते तशी. फोर्ज्ड पिस्टन असा सहसा तुटत नाही. आणि पिस्टनच्या पोटाला, पिनच्या वरच्या बाजूला, साच्याची बारीक रेघ स्पष्ट होती. ओतकामाच्या गावात वाढलेल्या माणसाला ती रेघ ओळखायला चष्मा लागत नाही.

माझा आतेभाऊ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे. त्याने पिस्टनचा तुकडा कापला, घासून स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय काय मिसळलंय ते सांगणाऱ्या यंत्रावर, ठेवला, दोन ठिणग्या पाडल्या. सिलिकॉन ११.९ टक्के. २६१८ अलॉयमध्ये सिलिकॉन पाव टक्क्याच्या वर नसतं. दुसरा तुकडा पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला तर ओतीव धातूत दिसतात तशा झाडाच्या फांद्या. तो एवढंच म्हणाला, "भावा, ह्ये वतलेलं हाय." दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

एक खूण मला पहिल्याच सकाळी मिळाली होती. २६१८चा पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून बोअरमध्ये त्याला जास्त मोकळीक ठेवावी लागते आणि थंड इंजिन सुरू करताना तो थोडा खटखटतो. माझं इंजिन पहिल्या दिवसापासून अगदी शांत होतं. मी फोन करून त्याचं कौतुकही केलं. तो म्हणाला, "आमच्या मशीनिंगची कमाल."

मला सगळ्यात जास्त लागलं ते मूळ पिस्टनचं. कंपनीचे पिस्टनही ओतीवच असतात, पण ते पक्क्या चाचण्यांतून गेलेले असतात. ते काढून त्याने स्वतःकडे ठेवले आणि त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ओतीव घातले. काढलेला प्रत्येक भाग, अगदी रिंगसुद्धा, त्याच दिवशी मागून घ्या. आणि नवीन पिस्टन इंजिनात जाण्याआधी एक जास्तीचा विकत घेऊन कापा. स्पेक्ट्रोच्या चाचणीला इंजिनाच्या कामापुढे नगण्य पैसे लागतात.

पैसे मागितले तेव्हा त्याने मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पुढे केलं. "तक्रार केलीस तर आधी तुझीच गाडी जप्त होईल." मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करण्यावर त्या कलमाचं बंधन आहे, हे खरं आहे. याच भीतीवर या लोकांचा धंदा चालतो, माणसं गप्प बसतात. मी वकिलाकडे गेलो. त्यांचं म्हणणं असं की फोर्ज्ड सांगून ओतीव माल विकणं ही वेगळी फसवणूक आहे आणि तिची दाद वेगळी मागता येते. गाडीतल्या बदलांबद्दल मला जे उत्तर द्यावं लागेल ते मी देईन. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, म्हणून ज्यांचं असं झालंय त्यांनी 'बघू नंतर' म्हणत बसू नये. पक्कं बिल नसलं तरी बँकेतून दिलेले पैसे आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुरावा म्हणून जोडता येतात. मी तेच जोडलेत.

दोन आठवड्यांपूर्वी साताऱ्याच्या एका मालकाशी ओळख झाली. त्याच्याकडेही तीच गाडी, तेच वर्कशॉप. त्याने त्याचा डायनोचा कागद पाठवला. नाव आणि गाडीचा नंबर वेगळा, पण खालच्या कोपऱ्यात हवेचं तापमान ३१.४ आणि वेळ ४ वाजून १७ मिनिटं, अगदी माझ्या कागदासारखंच. उरलेले तीन पिस्टन आतेभावाच्या लॅबमध्ये सील करून ठेवलेत. तुमच्या कागदाच्या कोपऱ्यातही ३१.४ आणि ४:१७ असेल तर मला कळवा, आयोगापुढे आपण एकत्र उभे राहू.