दूध तोडलेल्या वराहपिल्लांसाठी मिनरल मिश्रण: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. डुकरांसाठीच बनवलेलं ट्रेस मिनरल प्रिमिक्स (जस्त, तांबं, लोह अशा अगदी थोड्या लागणाऱ्या खनिजांची पूड), १०० किलो खाद्याला २५० ग्रॅमवालं, पैसे वसूल. गाईम्हशींचं मिनरल मिक्स्चर या वयाच्या पिल्लांना नको. खनिजांची चाटण वीट तर मुळीच नको. झिंक ऑक्साईड १४ दिवस कामाचं, पुढे बंद. पण पिल्लू पहिले तीन-चार दिवस खाद्याला तोंडच लावत नसेल, तर पिशवीवरच्या पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग) आकड्यांना काडीचा अर्थ नाही. आणि तोंड न लावण्यामागे बऱ्याचदा आपणच घातलेली खनिजं असतात, विशेषतः चुनखडी. या वापरातून निघालेली मुख्य गोष्ट हीच.

पिल्लं लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची आणि संकरित, दूध ३५ दिवसांच्या आसपास तोडलेलं, वजन ७-८ किलो. खाद्य घरच्या चक्कीवर ३ मिमी जाळीतून दळलेलं. कंपनीचं तयार पेलेट वापरणाऱ्यांना खालचं निम्मंच लागू पडेल, त्यांनी वरून एकही पावडर टाकू नये.

चुनखडीपासून सुरुवात करतो, कारण ती सगळ्यात स्वस्त आणि म्हणूनच सगळ्यात जास्त ओतली जाते. "हाडं भरतील" म्हणून १०० किलोला दीड-दोन किलो टाकणारे कमी नाहीत. दूध नुकतंच तुटलेल्या पिल्लाच्या जठरात आम्ल पुरेसं तयार होत नाही. दुधातल्या साखरेपासून बनणारं लॅक्टिक आम्ल त्याची उणीव भरून काढत असतं, आणि तेही दुधासोबत थांबतं. अशा पोटात चुनखडी गेली की उरलंसुरलं आम्लही मारलं जातं. मग सोयाबीनची प्रथिनं नीट पचत नाहीत, न पचलेलं पुढे आतड्यात सरकतं, तिथे ई-कोलाय हा जंतू वाढतो आणि हगवण लागते. शिवाय कॅल्शियम आणि धान्यातलं फायटेट (खनिजं धरून ठेवणारा घटक) मिळून जस्त अडवतात. पोटाखाली, कानामागे आणि पायांच्या सांध्यांवर कोरडे, भेगाळलेले खपले दिसले तर खरजेचं औषध आणण्याआधी खाद्यातलं कॅल्शियम मोजा. तो पॅराकेराटोसिस, म्हणजे जस्त कमी पडल्याने होणारा त्वचारोग, असू शकतो, आणि त्याचं जस्ताशी नातं १९५५ पासून माहीत आहे. खरूज असेल तर पिल्लू सारखं भिंतीला अंग घासतं. पॅराकेराटोसिसमध्ये खाज जवळजवळ नसते.

या वयात एकूण कॅल्शियम ०.६ ते ०.७ टक्के पुरतं. चालून गेलेला हिशेब असा, १०० किलोसाठी: मक्याचा भरडा ५० किलो, तांदळाची कणी १०, सोयाबीन डीओसी (तेल काढलेली पेंड) १९, भाजून दळलेलं अख्खं सोयाबीन ८, स्किम मिल्क पावडर ५, सुक्या मासळीची कुटी ४, गूळ २, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) ८०० ग्रॅम, चुनखडी फक्त २००, मीठ २५०, ट्रेस मिनरल २५०, लायसिन ३०० आणि मेथिओनिन १०० (ही अमिनो आम्लं), टॉक्सिन बाइंडर (बुरशीचं विष बांधणारी पावडर) १००. जीवनसत्त्वांची पुडी वेगळी, तिच्या पिशवीवरच्या मात्रेने. फायटेट फोडणारं फायटेज एन्झाइम घातलं तर डीसीपी आणखी कमी करता येतं, पण झिंक ऑक्साईडची मोठी मात्रा चालू असताना फायटेजचा उपयोग घटतो हे ध्यानात ठेवा.

मिठाचा आकडा डोळे झाकून उचलू नका. किनारपट्टीवरून येणारी सुकी मासळी कधी नुसती वाळवलेली असते, कधी खारवलेली, आणि दोन पोत्यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. खारट लागली तर वरचं मीठ पूर्ण बंद, आणि फारच खारट असेल तर ती मासळी या वयाला देऊच नका. सोबत वाळू किती येते तेही पाहा: मूठभर कुटी पाण्यात ढवळली की तळाशी कळतं. दूध तोडलेल्या पिल्लाला मिठाची गरज मोठ्या डुकरापेक्षा टक्केवारीने जास्तच असते आणि मिठाने खाणं वाढतंही. पण पाणी प्यायचं निप्पल तुंबलं आणि त्यात खारट खाद्य पोटात गेलं, की पिल्लं गोल गोल फिरतात, भिंतीला डोकं लावून उभी राहतात, झटके येतात. अशा वेळी एकदम भरपूर पाणी पाजू नका, त्याने मेंदूची सूज वाढते. थोडं थोडं, वारंवार द्या आणि डॉक्टरांना बोलवा. निप्पलखाली बाटली धरून मिनिटाला अर्धा लिटर तरी पाणी पडतंय का, हे पिल्लं आत सोडायच्या आधी मोजायचं.

आता गाईम्हशींचं मिक्स्चर. गावात तेच मिळतं, म्हणून तेच वापरलं जातं. लेबल वाचा: कॅल्शियम २० टक्क्यांच्या वर, मॅग्नेशियम ५ टक्क्यांच्या आसपास, शिवाय गंधक. दोन टक्क्यांनी घातलं तर कॅल्शियमच ०.४ टक्क्यांनी वाढतं. मॅग्नेशियम मका-सोयाबीनमध्येच पुरेसं असतं, जास्तीचं कडू लागतं आणि शेण पातळ करतं. गंधक आणि कोबाल्ट गाईच्या पोटातल्या जंतूंसाठी असतात, डुकराला त्याचं फारसं काही नाही. वाढत्या डुकरांना अडीअडचणीला चालून जाईल, पण दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत नाही.

पसंतीची चाचणी घरीही करता येते. एकाच मापाच्या दोन कुंड्या, एकीत प्रिमिक्सचं खाद्य, दुसरीत गाईच्या मिक्स्चरचं, बाकी सगळं तेच. दोन्ही तोलून ठेवायचं, सकाळी उरलेलं तोलायचं आणि रोज कुंड्यांच्या जागा बदलायच्या. जागा बदलणं विसरलात तर चाचणी फुकट, कारण पिल्लांना कोपरा आवडलेला असतो, खाद्य नव्हे. तीन-चार दिवसांत चित्र स्पष्ट होतं, आणि आमच्याकडे ते दर खेपेला एकाच बाजूने झुकलं.

या चाचणीत कुंडी जवळून बघितली की आणखी एक गोष्ट दिसते. पिल्लू ओलं नाक कोरड्या भरड्यात खुपसतं, दोनदा वर ढकलतं, मक्याचे कण वेचतं आणि थांबतं. नाकपुड्यांभोवती पांढरट लेप बसलेला असतो. संध्याकाळी कुंडीच्या कोपऱ्यात उरते ती राखाडी-पांढरी धूळ: डीसीपी, चुनखडी, प्रिमिक्स. म्हणजे कागदावर मिनरल दिलेलं असतं आणि पोटात गेलेलं नसतं. यावर दोन उपाय. दळताना १ किलो तेल मारायचं (तेवढा मका कमी करून), धूळ दाण्याला चिकटते. दुसरा त्याहून खात्रीचा: पहिले पाच-सहा दिवस पातळ कालवण. १ किलो खाद्य, २ लिटर कोमट पाणी, दिवसातून चार-पाच वेळा, तासाभरात संपेल इतकंच. उरलेलं लगेच काढून ट्रे धुवायचा, उन्हाळ्यात ते लवकर आंबतं. सहाव्या दिवसापासून पाणी कमी करत कोरड्यावर आणायचं. पिल्लं आईजवळ एकदम एकत्र पितात, म्हणून ट्रे लांब हवा, सगळ्यांची तोंडं एका वेळी मावतील असा. एका भोकाच्या फीडरवर दांडगी खातात आणि बारकी नुसती बघत बसतात.

चवीचं बोलायचं तर गोड आणि दुधाळ त्यांना प्रिय, कडू नावडतं. स्किम मिल्क पावडर महाग आहे, तरी पहिल्या पंधरवड्यात ती काढू नका. गूळ २ किलोच्या वर गेला की गोळे, माश्या आणि मुंग्या. तांदळाची कणी फार आवडीने खातात. मोहरीची पेंड या वयाला नको. सरकीची पेंडही नको, तिच्यात गॉसिपॉल असतं. लोहाचं सल्फेट घालून ते बांधता येतं, पण त्या भानगडीत पडायला हे वय नव्हे. व्हॅनिला किंवा दुधाच्या वासाच्या पावडरींचा फरक थोडाच. तोच वास मादीच्या खाद्यात आधीपासून असेल तर मात्र पिल्लं लवकर सरावतात. आणि पावसाळ्यानंतर पिल्लांनी अचानक खाणं सोडलं तर मिनरलवर खापर फोडण्याआधी मका हुंगा. बुरशी लागलेल्या मक्याला डुक्कर बऱ्याचदा तोंड लावत नाही आणि ते बरोबर करतं.

झिंक ऑक्साईड: फीड ग्रेडमध्ये जस्त ७२ टक्क्यांच्या आसपास. १०० किलोला ३५० ग्रॅम म्हणजे साधारण २५०० पीपीएम. हगवण खरंच घटते, दुसऱ्या आठवड्यात फरक डोळ्यांना दिसतो. पण ते औषध आहे, खुराक नव्हे. गरज १०० पीपीएमची, आपण देतो पंचवीसपट. लांबवलं तर तांबं आणि लोह अडतं, पिल्लं फिकी पडतात, आणि लेंडीतून बहुतेक जस्त शेतात साचतं. युरोपीय संघाने जून २०२२ पासून ही औषधी मात्रा बंद केली ती मातीतल्या जस्तामुळे आणि प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या भीतीने. आम्ही ते आता सरसकट न देता हगवणीचा इतिहास असलेल्या कप्प्यांपुरतंच ठेवलं आहे. रंगाच्या किंवा रबराच्या कामाचं झिंक ऑक्साईड स्वस्त मिळतं, त्यात शिसं आणि कॅडमियम असू शकतं. घेऊ नका.

जस्त थांबल्यावर मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० किलोला ५० ग्रॅम, म्हणजे १२५ पीपीएम तांबं. दोन्ही एकत्र देऊन दुप्पट फायदा होत नाही. लेंडी काळपट होते, घाबरू नका. घाबरायचं ते शेळ्यामेंढ्यांसाठी: मेंढी या खाद्यातल्या तांब्याने मरू शकते, शेळीलाही ते सुरक्षित नाही. त्याच गोठ्यात शेरडं असतील तर पोती वेगळ्या खोलीत ठेवा. पिकांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद खाद्यात वापरू नये.

लोहाचा प्रश्न खाद्याने सुटत नाही, तो जन्मानंतर तिसऱ्या दिवशीच्या इंजेक्शनने सुटतो: आयर्न डेक्स्ट्रान, २०० मिलिग्रॅम. पिल्लाला रोज ७-१० मिलिग्रॅम लोह लागतं, मादीच्या दुधातून जेमतेम १ मिळतं. कप्प्यात तांबडी माती टाकायची जुनी पद्धत काही अंशी उपयोगी आहे, पण त्या मातीसोबत जंतांची अंडीही येतात.

वीट फसते कारण डुक्कर गाईसारखं चाटत बसत नाही, चावतं. दूध तोडलेल्या पिल्लाला ती फुटत नाही, जोराचं पिल्लू कडा कुरतडतं आणि मीठ त्याच्याच पोटात जातं. पिल्लं "अंगात कमी ते शोधून खातात" हा समज मिठापुरता थोडाफार खरा, बाकी खनिजांना लागू नाही.

मिसळण्यात आळस नको. २५० ग्रॅम थेट ढिगावर भुरभुरलं तर एका घमेल्यात सगळं आणि दुसऱ्यात शून्य. आधी २ किलो मक्याच्या पिठात, ते १० किलोत, मग बाकीत, ताडपत्रीवर फावड्याने निदान सहा वेळा पलटून. मात्रा अंदाजाने दुप्पट करू नका. सेलेनियमची गरज ०.३ पीपीएम आहे, आणि बेरीज मोठी चुकली तर केस गळतात, खूर मुळाशी सुटतात. वरून सेलेनियमचं टॉनिक पाजणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

प्रिमिक्सबद्दल तक्रार एकच: पावसाळ्यात उघडी पिशवी दगड होते, कारण सल्फेट ओल ओढतात. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेतली तर झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवा आणि गोळे झालेला माल चाळल्याशिवाय वापरू नका. जीवनसत्त्वं आणि खनिजं एकाच पुडीत असलेला माल टाळलेला बरा. तांबं-लोहाच्या संगतीत आणि दमट हवेत जीवनसत्त्वं लवकर उतरतात. घेताना उत्पादनाची तारीख बघा, दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर दुकानदाराला परत करा.