दोन टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क: जागा पुरेपूर, केबल आखूड

बार्शीत माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नसराईत उसंत नसते. पार्टीला डेटा द्यायला आणि स्वतःच्या बॅकअपला मी हीच दोन टीबीची यूएसबी हार्ड डिस्क घेतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं बरंचसं सगळ्याच कंपन्यांना लागू आहे.

ऑनलाइन हिच्याखाली एक-एक स्टारचे ढीग पडलेत. 'दोन टीबी सांगितली, लॅपटॉपवर १.८१ दिसते, चक्क फसवणूक.' गेल्या सीझनला नवरीच्या वडिलांनी हेच मला तोंडावर विचारलं. "भाऊ, पैसे दोनचे घेतले, मग बाकीची जागा कुठं गेली?" त्यांना वाटलं, मीच काहीतरी मधे मारलं. तेव्हा डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडून दाखवलं. तिथे १.८१ टीबीच्या शेजारीच बाइटचा पूर्ण आकडा असतो, दोनाच्या पुढे बारा आकडे. म्हणजे दोन लाख कोटी बाइट. कंपनीने एवढेच कबूल केले होते आणि एवढेच दिलेत.

घोळ मोजण्यात आहे. कंपनी १०० कोटी बाइटला एक जीबी म्हणते आणि हजार जीबीला एक टीबी. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा एक जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा होतो. पोत्यातली ज्वारी तीच, माप मोठं घेतलं की मापं कमी भरणारच. टीबीपर्यंत पोचेस्तोवर हा फरक नऊ टक्क्यांवर जातो. खरा भागाकार १.८१९ येतो, पण विंडोज पुढचा आकडा कापून १.८१ च दाखवतं, म्हणजे दिसायला आणखी वाईट. हीच डिस्क मित्राच्या मॅकला लावली तर तिथे दोन टीबी दिसते, कारण ॲपलने २००९ पासून मॅकवर हजाराच्या पटीत मोजायला सुरुवात केली.

आमच्या धंद्याच्या हिशेबात सांगतो. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) फोर-के शूट केलं की तासाला ४५ जीबी होतात. दोन हजार भागिले पंचेचाळीस, साधारण ४४ तासांचं फुटेज बसायला हवं, आणि तेवढं बसतंही. कारण ती ४५ जीबीची फाइलसुद्धा विंडोजमध्ये ४१.९ च दिसते. डिस्क आटते तशी फाइलही आटते. फॉरमॅटिंगमध्ये जागा जाते म्हणतात, ती एवढ्या मोठ्या डिस्कवर चिमूटभर.

तरी कंपन्यांना मी सोडणार नाही. १९९८ मध्येच आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १०२४ च्या मापांना वेगळी नावं देऊन ठेवलीत. अमेरिकेत याच प्रकरणात वेस्टर्न डिजिटलला २००६ मध्ये आणि सीगेटला २००७ मध्ये ग्राहकांशी तडजोड करावी लागली. त्यानंतरही खोक्यावर काय, तर मुंगीच्या अक्षरात '१ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट'. अरे, 'विंडोजवर १.८१ दिसेल' एवढं मोठ्या अक्षरात छापायला किती शाई लागते? माझं पार्टीसमोरचं अर्ध्या तासाचं प्रवचन वाचलं असतं.

एक स्टार द्यायचाच असेल तर तो मोबाइल-टॅबलेटवाल्यांना द्या. तिथे जागा खरोखर खाल्लेली असते. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ६४ जीबीच्या सरफेस प्रो टॅबलेटमध्ये मोकळे जेमतेम २३ जीबी होते; विंडोज, रिकव्हरी आणि सोबतची ॲप्स यांनीच बाकीचं बळकावलं होतं. मोजमापातला फरक आणि हे, या दोन गोष्टी एका दावणीला बांधू नका. आणि पाचशे रुपयांत 'दोन टीबी पेन ड्राइव्ह' मिळतो तो तर तिसराच प्रकार. त्यात आतली चिप खोटा आकडा सांगते, खरी जागा भरली की पुढचा डेटा जुन्यावर चढतो किंवा नुसता हरवतो. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. मी प्रत्येक नवी डिस्क त्यातून काढतो, दोन टीबीला रात्र जाते, पण जाऊ दे. ही डिस्क बिनचूक पास झाली.

आता हिच्या खऱ्या तक्रारी. सुरुवातीला सेकंदाला १२० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड नऊ-दहा मिनिटांत उतरतं. पण एकामागून एक कार्डं ओतत राहिलं की धापा टाकते, आणि डिस्क भरत आली की आणखी मंदावते. एडिटिंग थेट हिच्यावर करू नका, त्याला एसएसडी (आत काही फिरत नाही अशी वेगवान डिस्क) हवी. केबल वीतभर, टेबलाखालच्या सीपीयूला लावली तर डिस्क लोंबकळते, आणि फिरती डिस्क लोंबकळणं म्हणजे डेटा रिकव्हरीवाल्याला आमंत्रण.

बॅकअपला आणि पार्टीला द्यायला चार स्टार. कापलेला एक अर्धा केबलचा, अर्धा खोक्यावरच्या बारीक अक्षरांचा. पार्टीला देताना मी आता बिलावरच लिहून टाकतो: २ टीबी, विंडोजवर १.८१.