श्वसनाचा चॅप्टर: एमसीक्यूने करायचा की फिजिओलॉजीपासून?

ठाणे-नवी मुंबईतल्या नर्सिंगच्या मुलामुलींचा नेहमीचा प्रश्न, श्वसन आणि गॅस एक्सचेंज ॲपवरच्या एमसीक्यूने (पर्याय दिलेल्या प्रश्नांनी) उरकायचं की पुस्तक घेऊन फिजिओलॉजी, म्हणजे शरीर कसं काम करतं ते, मुळापासून करायला बसायचं. माझं मत सांगते, पण आधी परीक्षा कुठली आणि हातात दिवस किती ते बघा.

एमसीक्यूने वेळ वाचतो हे खरंच. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्या प्रश्न होतात, एबीजीचे (धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) नॉर्मल आकडे, पीएच 7.35 ते 7.45, कार्बन डायऑक्साइड 35 ते 45, बायकार्बोनेट 22 ते 26 हे झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. आणि नॉरसेटला (एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला) निगेटिव्ह मार्किंग असतं, तिथे घड्याळ लावून सोडवायची सवय हवीच, ती पुस्तकातून येत नाही.

पण प्रश्न जरा फिरवला की अडतं. सीओपीडीचा (फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा) पेशंट, दोन लिटर ऑक्सिजन चालू, रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन 90 टक्के, नीट बोलतोय, धाप नाही, सिस्टर काय करणार? नुसते आकडे पाठ असतील तर 95 च्या खाली आहे म्हणून हात लगेच फ्लो वाढवायला जातो. अहो पण कार्बन डायऑक्साइड साठवणाऱ्या पेशंटचं टार्गेटच 88 ते 92 असतं, ऑक्सिजन जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो आणि पेशंट गुंगीत जाऊ शकतो. इथे चुकलं तर फक्त मार्क जात नाहीत.

फिजिओलॉजीला सुरुवातीला वेळ जातो, कंटाळाही येतो, पण एक अल्व्हिओलस (फुफ्फुसातली हवेची बारीक पिशवी) आणि त्याला चिकटलेली केशवाहिनी स्वतःच्या हाताने काढा. हवेकडे ऑक्सिजनचा दाब (mmHg मध्ये) साधारण 104, येणाऱ्या रक्तात 40, म्हणून तो आत शिरतो. कार्बन डायऑक्साइड 45 कडून 40 कडे, फरक जेमतेम 5 चा, तरी तो जवळपास 20 पट सहज पसरतो म्हणून भागतं. आता याच चित्रात न्यूमोनियात अल्व्हिओलस भरला, पल्मनरी इडीमात दोघांच्या मध्ये पाणी आलं, एम्बोलिझममध्ये गुठळी अडकून रक्तच पोचलं नाही, असं एकेक करून बघा, तीन आजार वेगळे पाठ करायला लागत नाहीत. एमयूएचएसच्या (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या) थिअरी पेपरला तर आकृतीशिवाय लिहूच नका.

म्हणून महिनाभर हातात असेल तर आधी फिजिओलॉजी मग एमसीक्यू, यात मला शंका नाही. नॉरसेट पंधरा दिवसांवर असेल तर उलटं करा, फक्त चुकलेला प्रत्येक प्रश्न त्या चित्रावर नेऊन तपासा.

एबीजीला मात्र दोन्ही लागतं. पीएच 7.30, कार्बन डायऑक्साइड 60, बायकार्बोनेट 28. पीएच खाली आणि कार्बन डायऑक्साइड वर म्हणजे रेस्पिरेटरी ॲसिडोसिस (श्वसनामुळे रक्तात वाढलेलं आम्ल), बायकार्बोनेट वाढलंय म्हणजे किडनी सावरायला लागलीय पण पीएच अजून नॉर्मलला आला नाही, म्हणून पार्शली कॉम्पेन्सेटेड. कळव्याच्या किंवा वाशीच्या हॉस्पिटलला पोस्टिंग असेल तर इन्चार्ज सिस्टरना विचारून फाइलमधला रिपोर्ट बघा, आणि डॉक्टरांची नोट वाचायच्या आधी आपलं उत्तर वहीत लिहून ठेवा.