मधुमेह ‘मुळापासून’ घालवणाऱ्या पुड्या

आमच्या आत्याला जुना मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. ओळखीच्या एका बाईंनी स्वतःला वैद्य म्हणवणाऱ्या एका माणसाला घरी आणलं. त्याने पुड्यांच्या आधी वही काढली. तीत बऱ्या झालेल्यांची पत्रं होती, फोटो होते, ‘इन्सुलिन कायमचं सुटलं’ असं हाताने लिहिलेलं होतं. आत्याचा विश्वास बसला तो या वहीवर. पुड्यांवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना परवाना क्रमांक, ना मुदत. पैसे रोख, बिल नाही. वर ताकीद: ‘इन्सुलिन बंद केल्याशिवाय गुण येणार नाही.’

थोड्याच दिवसांत उलट्या आणि धाप सुरू झाली. साखर पाचशेच्या वर, लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारे आम्लधर्मी पदार्थ. आयसीयूत ठेवावं लागलं. आत्या वाचली. तो माणूस फोन उचलत नाही.

अशा पत्रांचा इतिहास फार वाईट आहे. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने भेसळीची आणि खोट्या लेबलची औषधं सरकारला जप्त करता येऊ लागली. पण १९११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की घटकांबद्दलचं खोटं या कायद्यात बसतं, ‘रोग बरा होतो’ ही थाप बसत नाही. १९१२ ला दुरुस्ती झाली, तरी फसवण्याचा हेतू सरकारनेच सिद्ध करायचा होता. इन्सुलिन बाजारात असताना हॉर्सटेल या रानवनस्पतीपासून केलेलं ‘बॅनबार’ मधुमेहावर विकलं जाई. सरकारने ते जप्त केलं. विकणाऱ्याने कोर्टात आभाराची पत्रं ठेवली. सरकारने त्यातल्याच अनेकांचे मृत्यूचे दाखले ठेवले, मधुमेहाने गेल्याचे. तरीही खटला सरकार हरलं! हेतू सिद्ध करण्याची अट १९३८ च्या कायद्याने गेली.

आपल्याकडे १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा याबाबत स्पष्ट आहे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा, आणि तोंडी केलेली जाहिरातही त्यात येते. म्हणून कुणी अशी वही उघडली तर तिचे फोटो काढा. पुड्या घेतल्याच असतील तर रागाने फेकू नका. तशाच बंद ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारीसोबत द्या. आणि इन्सुलिन आधी सुरू करा, त्याच दिवशी, डॉक्टरांना विचारून.