बंड्याला घेऊन फ्रान्सला तंबूत: टनेल बरं की रात्रीची बोट?

उन्हाळा जवळ आला की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, तुम्ही कुत्र्याला घेऊन फ्रान्सला कॅम्पिंगला जाता ना, मग टनेलने (समुद्राखालून गाड्या वाहून नेणारी रेल्वे) जाता की फेरीने? आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो, तंबू घरचा, गाडी जुनी इस्टेट (मागे सामानाला लांब जागा असलेली), आणि बंड्या म्हणजे पुण्याहून आणलेला आपला गावठी, २२ किलो, अंगाने दांडगा पण आवाजाला इतका घाबरतो की नोव्हेंबरात फटाके सुरू झाले की वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसतो. दोनदा टनेलने गेलो, एकदा डोव्हरच्या छोट्या फेरीने, एकदा पोर्ट्समथहून रात्रीच्या बोटीने, त्यामुळे जे लिहितोय ते याच एका कुत्र्याच्या हिशोबाने, तुमचा कुत्रा कसा आहे ते तुम्हीच बघा.

कागद कुठूनही गेलात तरी तेच. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये काढलेला पेट पासपोर्ट युरोपात चालत नाही, प्रत्येक ट्रिपला नवं अ‍ॅनिमल हेल्थ सर्टिफिकेट काढायचं, तेही युरोपात शिरायच्या आधी १० दिवसांच्या आत. मायक्रोचिप हवी, रेबीजची लस हवी, आणि लस पहिलीच असेल तर त्यानंतर २१ दिवस थांबायचं. फीचं काही धरबंध नाही, व्हेट (ते देणारा जनावरांचा डॉक्टर) बदलला की शंभर पौंडांपासून दोनशेच्या वर जाते, म्हणून चार ठिकाणी फोन करा. आणि हो, सर्टिफिकेट इंग्रजी अधिक तुम्ही पहिल्यांदा ज्या देशात उतरणार त्याच्या भाषेत असतं. कॅले काय आणि कां (Caen, पोर्ट्समथची बोट जाते ते) काय, दोन्ही फ्रान्समध्येच, पण ऐनवेळी स्वस्त पडतं म्हणून हारिचहून हॉलंडची बोट घेतलीत तर फ्रेंच कागद घेऊन डचांसमोर उभे राहाल.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि त्यात कुत्र्याचं चिकनवालं खाणंही आलं (आणि आपलं तूप, श्रीखंडसुद्धा, भाकरवडी मात्र बिनधास्त न्या). म्हणून निघायच्या आधी दोन आठवडे आम्ही बंड्याला तिकडे मिळणाऱ्या ब्रँडची सवय लावतो, नाहीतर तंबूत पहिल्याच रात्री पोट बिघडतं आणि मग तुम्ही आणि टॉर्च.

आता टनेल. फोकस्टनला गाडी डब्यात चढवायची, हँडब्रेक लावायचा, ३५ मिनिटांत कॅले. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कुत्रा गाडीतच आणि तुम्हीही गाडीतच, त्याला एक मिनिटही एकटं राहावं लागत नाही. बंड्या पहिल्यांदा पाच मिनिटं कान टवकारून बसला आणि मग चक्क घोरायला लागला. त्रास आहे तो आधी आणि नंतर: रीडिंगहून एम२५ मोटरवेने फोकस्टन कागदावर दोन तास, शुक्रवारी संध्याकाळी देवाला माहीत किती, आणि कॅलेला उतरल्यावर ब्रिटनी (फ्रान्सचं पश्चिम टोक) गाठायची तर पुढे पाचेक तास स्टिअरिंग. बे द सोमला किंवा नॉर्मंडीच्या अलीकडच्या बाजूला जाणार असाल तर काहीच नाही. ब्रिटनीला जाणार असाल तर गाडी चालवणाऱ्याची कंबर विचारात घ्या.

डोव्हर-कॅले फेरी दीड तासाची, बहुतेक वेळा स्वस्त, पण आमच्या तिकिटावर बंड्याला खाली कार डेकवर गाडीत सोडून आम्हाला वर जावं लागलं. बोट हलली की खाली गाड्यांचे अलार्म वाजतात, एक थांबला की दुसरा. आम्ही वर चहा पीत बसलो आणि खाली याने लाळेने मागच्या तिन्ही काचा माखल्या, सीटबेल्टचा एक पट्टा अर्धा चावून टाकला. चूक आमचीच, असल्या भित्र्या कुत्र्याला तिथे सोडायलाच नको होतं. तुमचा लॅब्रॅडॉर ढिम्म असेल आणि गाडीत एरवीही झोपत असेल तर खुशाल जा, पैसे वाचतील.

पोर्ट्समथहून कां किंवा सां-मालोला जाणाऱ्या रात्रीच्या बोटीवर मात्र कुत्रा चालेल अशा केबिन मिळतात. त्या मोजक्याच असतात आणि जूनच्या जानेवारीतच संपतात, तेव्हा आधी केबिन, मग कॅम्पसाइट, हा क्रम उलटा करू नका. केबिन नसेल तर ही बोट घेऊच नका, कारण मग रात्रभर कुत्रा गाडीत किंवा केनेलमध्ये. केबिनबाहेर मझल (तोंडाला जाळी) घालायला लावतात, त्याचीही सवय आधी घरी करून घ्या. आम्हाला अडचण आली ती भलतीच: लोखंडी डेकवर शू करायची असते हे बंड्याला पटेचना. वर नेला, फिरवला, दुसऱ्या कुत्र्यांनी केलेलं हुंगलं आणि आमच्याकडे असा बघितला की जणू आम्हीच येडे. गडी रात्रभर धरून बसला आणि सकाळी विस्ट्रेमला (कांचं बंदर) उतरल्यावर पहिला जो खांब दिसला तिथे इतका वेळ उभा राहिला की मागच्या गाडीतली बाई हसायला लागली. पण बाकी तुम्ही झोपून उठता, सकाळी सात वाजता नॉर्मंडीत, नऊला तंबू ठोकून कॉफी, याला तोड नाही.

कॅम्पसाइटचं थोडक्यात. फ्रान्समध्ये जागांना बरेचदा कुंपणासारखी झुडपं असतात, कुत्रेवाल्यांना ते फार सोयीचं, फक्त रात्री त्या झुडपात साळुंदऱ्यासारखं काहीतरी खुडखुडलं की आख्खा तंबू जागा. पट्टा सगळीकडे लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये बऱ्याच बीचवर दिवसा कुत्र्यांना बंदी, म्हणून आम्ही जून किंवा सप्टेंबर. डोंगरात जायचं असेल तर एक्रँ किंवा मेर्कांतूरसारख्या नॅशनल पार्कच्या गाभ्यात पट्ट्यासकट सुद्धा कुत्रा नेता येत नाही. आणि दक्षिणेत सँडफ्लाय (एक बारीक माशी) चावल्याने कुत्र्यांना लीशमॅनियासिस नावाचा आजार होतो, तिकडे जाणार असाल तर व्हेटशी आधीच बोला. गोचिडी सगळीकडेच.

परतीचं घड्याळ खरं डोक्याला ताप. ब्रिटनमध्ये पोचायच्या आधी किमान २४ आणि जास्तीत जास्त १२० तासांत फ्रेंच व्हेटकडून टेपवर्मची (पोटातल्या जंताची) गोळी द्यायची आणि सर्टिफिकेटवर तारीख, वेळ, सही-शिक्का. एकदा एका गावातल्या व्हेटने तारीख लिहिली आणि वेळच लिहिली नाही, नशिबाने पार्किंगमध्येच लक्षात आलं, पण तोपर्यंत बाराला दवाखाना बंद झाला होता आणि आम्ही दोन वाजेपर्यंत सॅंडविच खात बाहेर बसलो. गोळी आम्ही परतीच्या दोन-तीन दिवस आधी देतो, वाऱ्यामुळे बोट पुढे गेली तरी मार्जिन राहतं. याच बाबतीत टनेल वरचढ, एक ट्रेन चुकली तर पुढची मिळते, रात्रीची बोट रद्द झाली तर पुढची रात्र आणि पुन्हा केबिन आहे का ते बघा.

म्हणून यंदा आम्ही जाताना पोर्ट्समथहून रात्रीची बोट आणि येताना कॅलेहून टनेल असं बुक केलंय, सर्टिफिकेटला त्याने काही फरक पडत नाही. फक्त शेवटची रात्र कॅलेपासून तासाभरावर काढायची म्हणजे ब्रिटनीहून एका दमात यायला नको. आणि बंड्यासाठी बागेतल्या गवताचा एक चौकोनी तुकडा ट्रेमध्ये घालून अंगणात ठेवलाय, डेकवर तोच नेता येईल का बघायचंय, पण आठवडा झाला, अजून त्यावर झोपतोच आहे.