लोकल सोडून लाइनला चाललात? आधी झोपेचं बघा (हायवेवरच्या 'अपना घर'चा रिव्ह्यू)

आमच्या जालन्याच्या एमआयडीसीत सध्या बरीच ट्रक चालवणारी पोरं लोकल (म्हणजे जवळच्या फेऱ्या, रात्री घरी) सोडून लाइनच्या (लांब पल्ल्याच्या) गाडीवर जायचं म्हणायलेत. भेटलं की पहिला प्रश्न पगार किती अन् भत्ता किती. ते शेठ (गाडीमालक) सांगलच की. माझं म्हणणं येवढंच आहे की लाइनला जाणाऱ्यानं आधी विचारावं झोपायचं कुठं, म्हणून पंपावर ड्रायव्हर लोकांसाठी जे 'अपना घर' असतं त्याचा रिव्ह्यू टाकतोय. मी जालना ते रायपूर सळई घेऊन जातो, येताना स्पंज आयर्न (पोलादाचा कच्चा माल) नाहीतर जे भाडं भेटेल ते, आणि मुक्काम जमेल तिथं अपना घरलाच करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही सरकारी तेल कंपन्यांची सोय आहे, हायवेवरच्या मोठ्या पंपांवर ड्रायव्हरला झोपायला हॉल, अंघोळीला हौद, संडास, प्यायला फिल्टरचं पाणी, जेवायला ढाबा आणि स्वतः शिजवून खायचं असेल तर त्याला जागा. मोबाईलवर ॲप आहे, त्याच्यावरून खाट बुक करता येते. जुलै २०२५ पर्यंत देशभरात ३६८ ठिकाणी मिळून ४,६११ खाटा झाल्या होत्या.

आता लोकलवाल्याला ह्याची किंमत का कळत नाही ते सांगतो. लोकलला चौदा फुटी गाडी, जालन्यातून भरली, शेंद्रा, चिकलठाणा, वाळूज ह्या संभाजीनगरच्या एमआयडीसी, कंपनीच्या गेटवर लाइन लावायची, खाली करायला हमाल नाहीत म्हणून ताटकळत बसायचं, मधीच सिटीत नो एंट्री लागली की तिथंच उभं, क्लच दाबून दाबून गुडघ्याची वाट लागते, पण किती बी उशीर झाला तरी रात्री घरी येऊन ताटात भाकरी आहे आणि आपल्या अंथरुणावर झोप आहे. लोकलचा थकवा पायात अन् कमरेत असतो, तो एका रात्रीत जातो. लाइनचा थकवा डोळ्यात असतो आणि तो जात नाही, साठत जातो. समृद्धी महामार्गाला लागलं की ना सिग्नल ना गाव, जड गाडीला ८० ची लिमिट, सरळ रोड, स्टेअरिंग नुसतं धरून बसायचं, रात्री दोन ते पाच ह्या टायमाला डोळे उघडे असतात पण समोरचं दिसत नाही. ज्यानं हे अनुभवलं नाही त्याला खोटं वाटतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ समृद्धीवर रात्रीच टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकला मागून धडकून १२ माणसं गेली, आपल्याच भागात. म्हणून सांगतो, झोप आली तर रोडच्या कडेला गाडी उभी करून झोपायचं हे समृद्धीवर तर अजिबात नको, मागून येणारा पण झोपेतच असू शकतो.

मग लोक म्हणतात केबिनला स्लीपर असतंय की. असतंय. मे महिन्यात भंडाऱ्याच्या पुढं दुपारी केबिनमध्ये झोपून दाखवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला एसी केबिन कंपल्सरी झालंय, चांगलंच झालं, पण नवीन माणसाला शेठ नवीन गाडी देत नाही, जुनीच देतो, अन् जुन्या गाडीत पत्रा तापला की रात्री अकरापर्यंत गार होत नाही. काच उघडली तर मच्छर, लावली तर जीव गुदमरतो. वरून एक कान सतत बाहेर, टाकीला कुणी पाईप तर लावला नाही ना, ताडपत्रीची रस्सी तर कापली नाही ना. चार तास पडलं तरी झोप दीड तासाचीच होते.

आता अपना घरचं. गाडी पार्किंगला लावली, लायसन दाखवलं, रजिस्टरला एंट्री केली, आत गेलं की दुमजली लोखंडी खाटा, गादी, धुतलेली चादर, डोक्याशी चार्जिंगचा पॉइंट आणि सामानाला लॉकर. लॉकरला मोबाईल, बिल्टी (मालाची पावती), गाडीचे कागद, सगळं ठेवायचं अन् चावी करगोट्याला नाहीतर गळ्यात. मी ज्या पंपावर थांबतो तिथं टाकी भरली की झोपायचे पैसे घेत नाहीत, तसं बी डिझेल, युरिया (धूर कमी करायला गाडीत टाकतात ते), हवा सगळं करायचंच असतं, मग ते तिथंच करायचं. पार्किंगला उंच खांबावर लाईट आहे, कॅमेरा आहे, चौकीदार रात्रीचा फिरत असतो. तरी मी झोपायच्या आधी मालाचा, ताडपत्रीच्या गाठीचा अन् डिझेलच्या काट्याचा फोटो काढून ठेवतो, तुम्ही पण काढत जा, सकाळी शेठसोबत वाद नको.

सगळ्यात भारी म्हणजे हौद. आपल्याकडं विहिरीवर अंघोळ करतो तसं उघड्यावर डबा डबा पाणी अंगावर घ्यायचं, बाथरूमच्या बारक्या नळाखाली बसायचं काम नाही. लाइनवर दोन दिवस अंगाला पाणी लागलं नाही की सळईचा गंज अन् घाम मानेवर बसतो, तो साबणानं घासून काढला की तिथंच अर्धी झोप पुरी होते बघा.

स्वयंपाकाच्या जागेबद्दल कुणी लिहीत नाही पण मराठवाड्यातल्या माणसाला तीच महत्त्वाची. नागपूर सोडलं की ढाब्यावर तंदूर रोटी अन् दाल फ्राय, ज्वारीची भाकर मागितली की पोरगा तोंडाकडं बघतो. रोज तेच तेलकट खाऊन पोट बिघडतं आणि पोट जड झालं की झोप अजून जास्त येते. मी घरून ज्वारीचं पीठ, येसर (आमटीसाठी भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ) अन् कारळाची चटणी बांधून नेतो. येसर म्हणजे अर्ध्या तासाचं काम, कांदा परतायचा, येसर पाण्यात कालवून टाकायचं, उकळी आली की झालं, तोपर्यंत दुसऱ्या चुलीवर भाकरी होतात. शेजारी पंजाबचा नाहीतर बिहारचा माणूस त्याचं काहीतरी रांधत असतो, तो त्याची भाजी देतो, आपण आमटी द्यायची. अन् कुठल्या रोडवर काम चालू आहे, कुठं गाड्या तुंबल्यात हे ॲपपेक्षा तिथं जास्त बरोबर कळतं.

कमी काय आहे ते पण सांगतो. खाटा. ४,६११ ला ३६८ नं भागा, एका जागी सरासरी बारा-तेरा येतात, अन् पंपावर रात्री गाड्या किती उभ्या असतात ते तुम्हाला माहीतच आहे. रात्री नऊनंतर गेलं तर बऱ्याचदा जागा नसते, म्हणून मी दुपारी जेवायला थांबलो की तेव्हाच बुक करून टाकतो. दुसरं म्हणजे अंतर, तुम्हाला झोप जिथं येते तिथं अपना घर असेलच असं नाही, म्हणून निघायच्या आधीच ॲपवर बघून मुक्काम ठरवायचा आणि तिथपर्यंतच गाडी मारायची. जागा नाही मिळाली तर ढाब्याच्या बाजेवर पडावं लागतं. एका ढाब्यावर जेवलं की बाज फुकट म्हणाले, पण रात्रभर डोक्याशी स्पीकर चालू, बंद करा म्हणलं तर म्हणे गिऱ्हाईक येत नाही. फुकट परवडलं पण झोप नाही.

आता जे नवीन चाललेत त्यांनी शेठसोबत काय बोलायचं ते नीट ऐका. बऱ्याच ठिकाणी ट्रिपची खर्ची (रस्त्यातल्या खर्चाचे पैसे) एकरकमी देतात, त्यातून वाचेल ते ड्रायव्हरचं. इथंच घोळ होतो, चार पैसे वाचवायला माणूस खाट घेत नाही, जेवत नाही अन् गाडी रेटत राहतो. मुक्कामाचे पैसे खर्चीतून वेगळे धरून मागा. शेठ म्हणेल उद्या सकाळी पोच पाहिजे, नाहीतर ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याला मुदत असते) संपतंय. तर ऐका, ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस भेटतो, जालना ते रायपूर समृद्धीनं सातशेच्या आसपास भरतं, म्हणजे चार दिवस. दोन मुक्काम करून पण माल टायमात पोचतो. गाडी बिघडली, घाटात अडकली, तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंत वाढवून घेता येते. आणि मोटर ट्रान्सपोर्ट कामगारांचा १९६१ चा कायदा होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा लेबर कोड आलाय), त्यात दिवसाला आठ तास काम अन् सलग पाच तासाच्या वर गाडी चालवायची नाही, मधी अर्धा तास आराम असं होतं. लाइनवर हे कुणी मोजत नाही हे मला पण माहीत आहे, पण तोंडावर बोलून दाखवलं की शेठचा आवाज खाली येतो, मी बघितलंय. आपला जीव गेल्यावर त्याला गाडीचा इन्शुरन्स भेटतो, आपल्या घरच्यांनी काय करायचं?

लायसनचं विचारणाऱ्यांना, हेवी करून घ्या, हलक्या गाडीचं लायसन एक वर्षाचं झालं असेल तर करता येतं, आणि ट्रान्सपोर्टचं लायसन आता पाच वर्षं चालतं. त्यात काही अवघड नाही.

पाचपैकी चार स्टार. एक स्टार खाटांसाठी कापला, समृद्धीवर आणि नागपूर-रायपूर रोडवर खाटा डबल झाल्या पाहिजेत, त्या झाल्या की पाचवा पण देतो. रायपूर लाइनला नवीन कुणी निघत असेल तर पहिला मुक्काम नागपूरच्या आसपास धरा, दुसरा देवरी सोडायच्या आधी नाहीतर थेट राजनांदगावच्या पुढं, मधल्या जंगलात रात्री थांबू नका. येसर जास्तीचं बांधून न्या, मागणारे भेटतातच.