एकाच रंगाच्या शेड, शेजारचे रंग की समोरासमोरचे? खोलीसाठी काय घ्यायचं

शेड कार्ड उघडलं की डोकं गरगरतं, पण निवड खरंतर तीनच गोष्टींतली असते. बारा रंगांचं कलर व्हील, म्हणजे रंग गोलात मांडलेलं चक्र, डोळ्यासमोर आणा. एक तर त्यातल्या एकाच रंगाचे फिके-गडद प्रकार घ्यायचे, नाहीतर शेजारीशेजारी बसलेले दोन-तीन रंग घ्यायचे म्हणजे निळा, निळसर हिरवा, हिरवा असे, नाहीतर मग थेट समोरासमोरचे, निळा-नारिंगी, लाल-हिरवा, पिवळा-जांभळा.

एकाच रंगाचं काम सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथेच लोक फसतात. खोली शांत दिसते, लहान असेल तर सलग दिसते, हे खरं. पण सगळं एकाच रंगात असलं की अंडरटोनमधला (रंगात दडलेल्या दुसऱ्या रंगाच्या झाकेतला) बारीकसा फरकही डोळ्यात खुपतो, म्हणजे भिंतीचा ऑफ व्हाईट पिवळट आणि पडद्याचा गुलाबीसर असेल तर पडदा धुवायला झालाय असंच वाटत राहतं. शिवाय फिकं आणि गडद यात नीट अंतर नसेल, पोत वेगवेगळे नसतील, तर खोली अगदी सपाट दिसते.

समोरासमोरचे रंग फोटोत जबरदस्त दिसतात. रोज राहायला मात्र कठीण, निदान अर्धे-अर्धे वापरले तर. दोन्ही रंग एकमेकांना आणखी भडक करतात आणि डोळ्याला टेकायला जागाच उरत नाही. यातलाच एक मळकट करून भिंतीवर घ्या आणि दुसरा उशांपुरता ठेवा, मग जमतं. 60-30-10 चं गणित सगळ्यात जास्त इथेच उपयोगी पडतं (साठ टक्के भिंती वगैरे, तीस टक्के मोठं फर्निचर-पडदे, दहा टक्के बारीकसारीक). टक्के मोजत बसू नका, अंदाज पुरे.

माझं मत शेजारच्या रंगांना. चुकलं तरी फार चुकत नाही, आणि फरशी, सोफा असलं जे बदलणार नाही त्याच्या रंगापासून सुरुवात करून कलर व्हीलवर एक घर डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकायचं, बास. फक्त सगळेच रंग थंड घेतले आणि खोलीत ऊन येत नसेल तर ती उदास वाटते, मग एखादं लाकडी रंगाचं काहीतरी लागतंच.

आता माझी फजिती. करडा सोफा होता, छान न्यूट्रल, म्हणून मागची भिंत बिनधास्त पिवळी केली आणि दुसऱ्या दिवशी सोफा चक्क जांभळट दिसायला लागला! सोफा तोच, डोळा मात्र पिवळ्याच्या समोरचा रंग त्या करड्यात भरत होता. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई सांभाळणाऱ्या शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाकडे काळी लोकर फिकी दिसते अशा तक्रारी यायच्या, त्यानेही शोधून काढलं की दोष लोकरीचा नाही, शेजारच्या रंगांचा आहे, आणि 1839 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक काढलं. म्हणून न्यूट्रल म्हणजे सेफ असं कोणी म्हटलं की मला हसू येतं.

बल्बचंही बघून घ्या. 2700 केल्विनच्या पिवळसर बल्बखाली निळे-करडे रंग मळतात आणि क्रीम उबदार दिसतं, 6500 च्या निळसर पांढऱ्या बल्बखाली बरोबर उलटं. कार्डावर एलआरव्ही (रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा) दिलेला असेल तर तोही बघा, 0 म्हणजे सगळा उजेड गिळणारा, 100 म्हणजे सगळा परत फेकणारा, अंधाऱ्या खोलीत फार खालचा आकडा घेतला तर दिवसा पण लाईट लावावा लागेल.

तिन्हीपैकी काहीही घ्या, शेड कार्डच्या बोटभर पट्टीवरून ठरवू नका. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मारा, वाळू द्या, आणि सकाळी, दुपारी, रात्री लाईटखाली सोफ्याला लावून बघा. पुठ्ठ्याच्या कडेने चार बोटं पांढरी पट्टी मात्र सोडा, नाहीतर मागच्या जुन्या भिंतीचा रंग माझ्या सोफ्यासारखाच तुमच्या नव्या शेडलाही फसवेल.